पुढची तारीख

आडगाव नाक्यापलीकडे, ट्रक टर्मिनसच्या मागच्या गल्लीत
पत्र्याच्या खोलीत माझं ऑफिस.
भिंतीवर पांढरा फळा, फळ्यावर एकवीस गाड्या,
प्रत्येकीपुढे किलोमीटर, ऑइल, ग्रीस, लायनर, पासिंग
आणि शेवटच्या रकान्यात पुढची तारीख.
ड्रायव्हर मला नावाने हाक मारत नाहीत.
तारीखवाली म्हणतात.
आली बघ तारीखवाली, आता गाडी खड्ड्यावर घेणार.

फेब्रुवारी लागला की माझ्याशी कोणी धड बोलत नाही.
ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडून द्राक्षांच्या पेट्या निघतात
आणि न्हावाशेव्याचं जहाज कोणासाठी थांबत नाही.
द्राक्ष थांबत नाही, शेठ थांबत नाहीत,
मग एकटं बेअरिंग काय म्हणून थांबेल?
ते आपलं झिजत राहतं.

चोरडिया शेठ वाईट माणूस नाहीत.
चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
गाडी चालतेय ना?
चालतेय.
मग बिघडलंय काय?
काही नाही.
मग उभी कशाला करायची?
म्हणूनच, शेठ.
याच्यापुढचं उत्तर मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

मार्चअखेर हिशोबाला बसलं की
क्रेनचं बिल सापडतं, टोचनचं सापडतं,
चेंगरलेल्या पेट्यांची भरपाई तर लगेच सापडते.
पण कसाऱ्याच्या उतारावर न तापलेला ड्रम
कोणत्या फाइलीत लावू?
राहुडच्या घाटात न सुटलेलं चाक?

४४१७ बाळनाथ गांगुर्ड्यांची.
दर शनिवारी न चुकता लिंबू-मिरची बदलतात.
मी एकदा म्हटलं, बाळनाथभाऊ, लिंबाची तारीख बरी पाळता.
हसले नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांची गाडी
भरायला लागायच्या दोन तास आधी मी काढून घेतली.
फेरी गेली, भत्ता गेला.
रात्री टपरीवर बसून त्यांनी माझा जो उद्धार केला
तो मला पत्र्याच्या भिंतीतून पूर्ण ऐकू आला.
एकदोन शिव्या नव्या होत्या.

अन्वर मिस्त्रीने चाक खोललं, ड्रम ओढून काढला.
बोलला काहीच नाही. हात पुसले,
बाळनाथना खुणेनं बोलावलं, बॅटरी धरली.
लायनर रिवेटला टेकलेलं.
ड्रमला चरे, नख अडकेल एवढे.
टपरीवरचा रेडिओ तेवढा चालू होता.

बाळनाथ माफी वगैरे मागणाऱ्यातले नाहीत.
सकाळी तो झिजका तुकडा रॉकेलने धुऊन,
कालच्या पेपरात गुंडाळून
माझ्या टेबलावर ठेवला.
कागद उडतात तुमचे, म्हणाले.
पंखा बंद होता.

आता खोटं कशाला सांगू,
तारीख मीही पुसते.
८८०२ चं ग्रीसिंग आधी तीन दिवस ढकललं,
मग लोड आला म्हणून आणखी चार,
ओल्या फडक्याने, आवाज न करता.
शेठना बरं वाटलं. मलाही, संध्याकाळपर्यंत.
रात्री मात्र फोन उशाशी घेऊन पडले
आणि इगतपुरीपासून पुढचं एकेक वळण
अंथरुणावर मोजत राहिले.

पावणेतीनला इस्माईल तांबोळीचा फोन.
तारीखवाली, झोपलात का?
घाट उतरलो. चहा घेतोय.
मागच्या डाव्या चाकाला जरा आवाज आहे,
तसा काही विशेष नाही.

मी दिवा लावला.
वहीत लिहिलं: ८८०२, उतरली.
आणि पुढच्या रकान्यात
कोणालाही न विचारता,
परवाची तारीख,
बॉलपेनने.